शून्य हार्मोनची बाटली: स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेतली ही प्रयोगशाळा. संस्था, माणसं आणि मुख्य जनुक यांची नावं गाळली आहेत. मार्गदर्शक मॅडम आणि त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी या दोघींच्या संमतीने लिहितो आहे. विद्यार्थिनीच्या सल्लागार समितीवर मी होतो. त्यामुळे काही गोष्टी समोर घडताना पाहिल्या, उरलेल्या तिच्या प्रयोगवहीत वाचल्या.

काम स्तनाच्या कर्करोगातल्या जनुक-नियमनावरचं. या कर्करोगाच्या निम्म्याहून जास्त गाठींच्या पेशींत एस्ट्रोजेन रिसेप्टर असतो. एस्ट्राडायोल हे एस्ट्रोजेन गटातलं हार्मोन त्यात येऊन बसलं की या प्रथिनाचा आकार बदलतो. मग ते डीएनएवरच्या ठरावीक जागा पकडतं, मदतनीस प्रथिनं गोळा करतं आणि जवळची, कधी कधी बरीच लांबचीही, जनुकं चालू करतं. या लांबच्या जागांचं महत्त्व २००५ साली बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेतल्या मायल्स ब्राउन यांच्या गटाने दाखवलं. गुणसूत्र २१ आणि २२ त्यांनी पूर्ण चाळून काढली, तर रिसेप्टर बहुतेक ठिकाणी जनुकाच्या सुरुवातीपासून दूर बसलेला सापडला. शिवाय त्या जागा आधीच उघडून ठेवणारं दुसरंच एक प्रथिन होतं, फॉक्सए१.

विद्यार्थिनीचं जनुक अशाच एका लांबच्या जागेचं. त्याला इथे 'क्ष' म्हणू. तिच्याआधीच्या विद्यार्थ्याने दाखवलं होतं की एस्ट्राडायोल दिलं की क्ष साधारण चार पट वाढतं. त्यावर त्याचा शोधनिबंधही छापून आला होता. तो पदवी घेऊन परदेशी गेला आणि पुढचा प्रश्न हिच्याकडे आला: क्ष चालू होताना रिसेप्टर आधी की फॉक्सए१ आधी, आणि एकाला काढलं तर दुसऱ्याचं काय होतं?

पेशी एमसीएफ-७. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या इनक्युबेटरमध्ये त्या असतातच. १९७० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका कॅथलिक ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या वेगळ्या केल्या गेल्या आणि डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सूल यांनी वाढवल्या. त्यांच्यात एस्ट्रोजेन रिसेप्टर भरपूर असतो आणि हार्मोनला त्या फार हळव्या असतात. १० पिकोमोलर एस्ट्राडायोलनेही त्या जोमाने वाढू लागतात. म्हणजे लिटरभर द्रवात ३ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी हार्मोन. हा आकडा लक्षात असू द्या, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

प्रयोगाची रीत ठरलेली. आधी तीन दिवस पेशी उपाशी ठेवायच्या (स्टार्व्हिंग), म्हणजे कोळशाची प्रक्रिया करून हार्मोन काढून टाकलेल्या सिरममध्ये (रक्तातल्या द्रव भागात) वाढवायच्या. मग प्लेटच्या काही वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यांत, इथेनॉलमध्ये विरघळवलेलं एस्ट्राडायोल घालायचं, काहींत तेवढंच नुसतं इथेनॉल. ठरलेल्या वेळेला आरएनए काढायचा आणि क्यूपीसीआर यंत्रावर कुठलं जनुक किती चालू आहे ते मोजायचं. क्षच्या सोबत दोन खात्रीची जनुकं: टीएफएफ१ आणि जीआरईबी१. एस्ट्रोजेनला ती हटकून प्रतिसाद देतात. टीएफएफ१ तर १९८२ साली स्ट्रासबर्गमध्ये पिएर शाँबाँ यांच्या प्रयोगशाळेत एमसीएफ-७ मधूनच सापडलं होतं.

अडचण

चार पट मिळायला हवं तिथे विद्यार्थिनीला दीड पट मिळत होतं. कधी जेमतेम त्याहून जास्त, कधी त्याहून कमी. मॅडमना आधी हाताचा दोष वाटला. नवीन हात, पिपेटिंग सैल असेल, आरएनए खराब होत असेल. तिने आरएनए तपासून दाखवला, तो उत्तम होता. एस्ट्राडायोलची नवी शिशी आणली, फरक पडला नाही. पेशींत मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींना नकळत लागणारा जीवाणू, नव्हता.

मग तिने एक गोष्ट पाहिली आणि ती महत्त्वाची होती. पेशींना टॅमॉक्सिफेनचं क्रियाशील रूप दिलं की टीएफएफ१ आणि क्ष दोन्ही इथेनॉलच्या वेलपेक्षाही खाली जात होती. हार्मोनच दिलेलं नाही तिथे हार्मोनला अडवणारं औषध काय अडवतंय? तिचा निष्कर्ष असा की आपल्या पेशींतला रिसेप्टर हार्मोनशिवायच चालू आहे.

ही कल्पना खुळी मुळीच नव्हती, उलट तिच्यामागे भक्कम आधार होता. वाढीचे घटक पेशीवर आदळले की आतल्या एमएपी कायनेज या निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतून रिसेप्टरच्या ११८ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो आणि रिसेप्टरची ताकद वाढते, हे १९९५ पासून ठाऊक आहे. २०१३ मध्ये तर ज्यांचा आजार हार्मोनविरोधी औषधं चालू असतानाही पसरला अशा रुग्णांच्या गाठींत रिसेप्टरच्या ५३७ आणि ५३८ या जागांवर उत्परिवर्तनं सापडली. ती असली की रिसेप्टर एस्ट्रोजेनची वाट पाहत बसत नाही. लेट्रोझोलसारखी औषधं शरीरातलं एस्ट्रोजेन जवळजवळ संपवतात, तरी काही जणींचा आजार परततो. त्याचं एक उत्तर इथे आहे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला आपल्या फ्लास्कमध्ये हेच दिसतंय असं वाटलं तर तिला कोण नावं ठेवील?

मॅडमनाही ते पटलं. पुढच्या काही महिन्यांत तीन प्रयोग झाले. पहिला फुल्वेस्ट्रंटचा. हे औषध रिसेप्टरलाच मोडीत काढतं, आणि ते दिल्यावर क्ष आणि टीएफएफ१ खाली आली. दुसरा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात ओळखण्याची चाचणी, ११८ वर फॉस्फेट आहे का हे पाहण्यासाठी. हार्मोन न दिलेल्या पेशींतही पट्टा आला. तिसरा, रिसेप्टर क्षच्या लांबच्या जागेवर बसलेला आहे का? इथेनॉलच्या नमुन्यातही बसलेला सापडला. तिन्ही निकाल एकाच दिशेचे. एका परिषदेसाठी सारांश पाठवला गेला. आरएनए सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे सगळी जनुकं एकदम मोजण्यासाठी, नमुने कंपनीकडे गेले आणि अनुदानातल्या त्या वर्षीच्या रकमेचा मोठा भाग त्यात संपला.

समितीच्या वार्षिक बैठकीत हे सगळं स्लाइडवर आलं. आलेख देखणे होते. प्रत्येक आलेखात इथेनॉलचा खांब बरोबर एकवर आणि बाकीचे त्याच्या पटीत. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी, ज्यांची उमर हार्मोनच्या मोजमापात गेली आहे, एकच प्रश्न विचारला.

"ह्या एकचा सीटी किती?"

विद्यार्थिनीने लॅपटॉपवर मूळ तक्ता उघडला. जुन्या विद्यार्थ्याचा तक्ता मॅडमकडे होताच, तोही उघडला. टीएफएफ१ चा सीटी एस्ट्राडायोल दिलेल्या वेलमध्ये दोघांचाही जवळपास सारखा होता. फरक इथेनॉलच्या वेलमध्ये होता. हिचा आकडा त्याच्यापेक्षा दीडएक सीटीने लवकर येत होता. सीटी म्हणजे जनुकाची खूण दिसायला क्यूपीसीआर यंत्राला लागलेली चक्रं: आकडा जितका लवकर, तितकं जनुक जास्त. एक सीटी म्हणजे दुपटीचा फरक. तेव्हा हार्मोनचा प्रतिसाद कुठेच कमी झालेला नव्हता, तळच वर आला होता.

"हे माहीत आहे सर," ती म्हणाली. "तेच तर आम्ही दाखवतोय. हार्मोनशिवाय चालू आहे."

"हार्मोनशिवाय आहे हे कशावरून?"

समोरचे पर्याय

या प्रश्नानंतरची चर्चा मला पूर्ण प्रकरणातली सगळ्यात कामाची वाटते.

शक्यता दोनच होत्या. एक, पेशी बदलल्या आहेत आणि त्यांचा रिसेप्टर खरोखर हार्मोनविना चालतोय. दोन, पेशी तशाच आहेत, पण ज्याला आपण शून्य म्हणतोय त्या द्रवात कुठून तरी एस्ट्रोजेनसारखं काही येतंय. झालेले तीन प्रयोग या दोन शक्यतांच्या समोर धरून पाहिले तर काय दिसतं? फुल्वेस्ट्रंट रिसेप्टर मोडतं, म्हणून तो कशानेही चालू असला तरी जनुकं खाली येणारच. ११८ वरचा फॉस्फेट वाढीच्या घटकांनी बसतो तसा एस्ट्राडायोलनेही बसतो. आणि हार्मोन थोडंसं असलं तरी रिसेप्टर डीएनएवर जाऊन बसतोच. टॅमॉक्सिफेनचंही तेच. म्हणजे प्रत्येक प्रयोगातून रिसेप्टर चालू आहे एवढंच सिद्ध झालं होतं. कशाने चालू आहे, यावर एकही प्रयोग बोलत नव्हता. दोन्ही शक्यतांना तेच निकाल अपेक्षित होते. पुरावे तीन दिसत असले तरी मुद्दा एकच होता, तीनदा मांडलेला.

मग पुढे काय, यावर मतं फाटली.

मॅडमचा कल रिसेप्टरचं जनुक सिक्वेन्स करण्याकडे होता. उत्परिवर्तन सापडलं तर प्रश्नच मिटला. स्वस्त आणि झटपट. पण सापडलं नाही तर काहीच ठरत नव्हतं, कारण वाढीच्या घटकांची वाट उघडीच राहत होती. दुसरा प्रस्ताव पेशी फेकून गोठवलेल्या पेशींची नवी व्हायल (कुपी) उघडण्याचा. त्यातून कदाचित चार पट परत मिळाली असती, पण कारण कळलं नसतं, आणि कारण बाटलीत असेल तर तेही मिळालं नसतं. एका सदस्याने कायनेज साखळी अडवणारं औषध सुचवलं. ते एमसीएफ-७ ची वाढच मंदावतं, निकाल कसाही वाचता आला असता.

ज्येष्ठ सर म्हणाले, "आधी मीडियाचा रंग सांगा."

लाल. मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, फिनॉल रेड नावाचा रंग घातलेला असतो. आम्लता बदलली की तो पिवळा किंवा जांभळट होतो आणि फ्लास्क हातात घेताच पेशींची तब्येत कळते. डीएमईएम या नेहमीच्या मीडियात तो लिटरला साधारण १५ मिलिग्रॅम असतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात बेनिटा कॅट्झेनेलेनबोगेन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हा रंग एमसीएफ-७ पेशींना सौम्य एस्ट्रोजेनसारखा लागू पडतो. त्याआधी अनेक प्रयोगशाळांना कोड्यात टाकणारा प्रश्न होता की एस्ट्रोजेन काढून घेतलं तरी या पेशी का वाढतात आणि टॅमॉक्सिफेन त्यांना का दाबतं. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीने पाहिलं ते हुबेहूब. दोन वर्षांनी त्याच विद्यापीठातून पुढचा भाग आला: दोष रंगाच्या रेणूचा नाही, तो बनवताना सोबत येणाऱ्या, तेलात विरघळणाऱ्या अशुद्धीचा आहे. त्या अशुद्धीतला एक पदार्थ रिसेप्टरला एस्ट्राडायोलच्या जवळपास निम्म्या ताकदीने चिकटतो. विरजणाचं पातेलं नीट न घासता त्यात दूध ओतलं तर ते विरजायचंच, तशी ही गत. अशुद्धी असल्यामुळे तिचं प्रमाण एका लॉटमधून दुसऱ्या लॉटमध्ये सारखं राहील याची हमी नाही.

मॅडमना हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. हार्मोनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते शिकवलेलं असतं. "पण आपण स्टार्व्हिंगला रंगहीनच वापरतो ना?" त्यांनी विद्यार्थिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मॅडम, भिंतीवरच्या कागदावर डीएमईएम इतकंच लिहिलंय."

काय केलं

बैठकीनंतर दोन कामं समांतर सुरू झाली.

पहिलं काम वहीतलं. मागच्या सगळ्या प्रयोगांसमोर मीडियाचा लॉट नंबर लिहायला घेतला. निम्म्या ठिकाणी तो नोंदलेलाच नव्हता. पण एक नोंद सापडली. एका आठवड्यात तिला क्ष आणि टीएफएफ१ चांगलं तीन पटींच्या वर मिळालं होतं. बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून तो प्रयोग बाजूला ठेवलेला. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: मीडिया संपला, शेजारून घेतला. शेजारची प्रयोगशाळा प्रोस्टेटच्या कर्करोगावर, अँड्रोजेन या पुरुष हार्मोनांवर काम करते. ते रंगहीन मीडियाच वापरतात.

जुन्या विद्यार्थ्याला मॅडमनी ईमेल केला. त्याचं उत्तर त्याच रात्री आलं. तो कायम रंगहीनच वापरायचा, कागदावर का लिहिलं नाही, तर "त्यात लिहायचं काय, सगळ्यांना माहीतच असतं." तो गेल्यानंतर अनुदानाचा हप्ता लांबला होता, रंगहीन मीडियाचा साठा संपला आणि रोजच्या वापराचा लाल मीडिया हळूहळू सगळीकडे शिरला. कुणी तसा निर्णय घेतलेला नव्हता. फ्रिजमध्ये जे होतं ते वापरलं गेलं.

दुसरं काम खऱ्या प्रयोगाचं. रंगहीन मीडिया मागवायचा तर सरकारी खरेदीची वाट: जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर तो मिळत नाही असा अहवाल जोडल्याशिवाय तेव्हा मागणीपत्र पुढे सरकत नव्हतं, आणि मग वितरकाकडून माल येईपर्यंत थांबायचं. थांबण्याऐवजी शेजारून दोन बाटल्या उसन्या आणल्या. संशोधनातली उसनवारी हा स्वतंत्र विषय आहे, पण तिच्याशिवाय आपल्याकडे निम्मं काम अडलं असतं.

मांडणी अदलाबदलीची होती. विद्यार्थिनी वापरत होती त्या पेशी रंगहीन मीडियात. गोठवून ठेवलेल्या जुन्या विद्यार्थ्याच्या काळातल्या पेशी लाल मीडियात. आणि दोन्ही उलटही. तळ पेशींबरोबर फिरला तर पेशी बदलल्या आहेत. बाटलीबरोबर फिरला तर कारण बाटलीत आहे. इथे पहिल्यांदा दोन शक्यता वेगवेगळा निकाल सांगत होत्या. सोबत एस्ट्राडायोलचे एकच नाही तर बरेच डोस लावले, १ पिकोमोलरपासून १० नॅनोमोलरपर्यंत, आणि शून्य.

निकालाला शंका घ्यायला जागा नव्हती. तळ बाटलीबरोबर फिरला. लाल मीडियात डोसचा आलेख सुरुवातीला सपाट होता: शून्य, १ पिकोमोलर आणि थोडं पुढेपर्यंत सगळं एकाच उंचीवर. रंगहीन मीडियात तो खालून चढत गेला.

सरांना एवढ्यानेही समाधान नव्हतं. दोन मीडियांत रंगाशिवाय दुसरा काही फरक असेल तर? म्हणून आणखी एक प्रयोग झाला. लाल मीडिया इथरबरोबर हलवून त्यातले तेलात विरघळणारे पदार्थ इथरमध्ये ओढून घेतले, इथर उडवून लावलं, उरलेला अंश थेंबभर इथेनॉलमध्ये घेतला आणि तो रंगहीन मीडियातल्या पेशींना दिला. तळ पुन्हा वर आला. रंगहीन मीडियावर हीच क्रिया करून मिळालेल्या अंशाने काहीही झालं नाही. विद्यार्थिनी हूडपाशी बसून वेल भरत होती तेव्हा प्लेटवर दोन्ही ओळी सारख्याच पाण्यासारख्या दिसत होत्या, कारण रंग इथरबरोबर आलाच नव्हता, आलं होतं ते त्याच्यासोबतचं दुसरं काहीतरी. तिने झाकणावर मार्करने खुणा करून ठेवल्या नसत्या तर कुठली ओळ कुठली ते सांगता आलं नसतं.

तरी रंगहीन मीडियातला तळ जुन्या विद्यार्थ्याइतका खाली जात नव्हता. थोडा अंश उरत होता. तो शोधायला वेळ लागला. पेशी फ्लास्कमधून सोडवायला वापरतात त्या ट्रिप्सिनच्या द्रवातही फिनॉल रेड असतो. शिवाय ट्रिप्सिन थांबवायला नेहमीचं, हार्मोन न काढलेलं सिरम घातलं जात होतं. पेशी एकदा फिरवून, वरचा द्रव टाकून, धुऊन मग प्लेटमध्ये घालायला सुरुवात केल्यावर उरलेला बराचसा अंशही गेला.

रिसेप्टरचं जनुकही सिक्वेन्स केलं, आणि पेशींची एसटीआर तपासणीही, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवण्याची चाचणी, करून घेतली. उत्परिवर्तन नव्हतं, आणि पेशी एमसीएफ-७ च होत्या.

निष्पत्ती

हार्मोनविना चालणाऱ्या रिसेप्टरचा दावा मागे घेतला. परिषदेला पाठवलेला सारांश मागे घ्यायचा की बदलायचा यावर मॅडम आणि विद्यार्थिनी यांच्यात दोन दिवस बोलणं चाललं होतं. मॅडमना तो पूर्ण काढून टाकायचा होता. विद्यार्थिनीने आग्रह धरला की अदलाबदलीचा प्रयोगच पोस्टरवर लावू. आयोजकांना पत्र लिहून शीर्षक बदललं. पोस्टरसमोर गर्दी झाली असं नाही, पण दोन प्रयोगशाळांतल्या मुलांनी परत गेल्यावर आपापल्या फ्रिजमधल्या बाटल्यांचे फोटो तिला पाठवले.

जुन्या निबंधाला धक्का लागला नाही, कारण ते काम रंगहीन मीडियातलं होतं. हे तपासणं आवश्यक होतं आणि मॅडमनी ते सगळ्यात आधी केलं.

क्षची गोष्ट मात्र वेगळीच निघाली. स्वच्छ मीडियात टीएफएफ१ आणि जीआरईबी१ तळाला गेली. क्ष खाली आलं, पण अर्ध्यावर थांबलं. फुल्वेस्ट्रंट दिलं तरी तिथून हललं नाही, म्हणजे उरलेलं काम रिसेप्टरचं नव्हतं. फॉक्सए१ कमी केल्यावर ते हललं. तेव्हा क्षच्या त्या लांबच्या जागेवर फॉक्सए१ हे रिसेप्टरसाठी दार उघडून ठेवतंच, आणि रिसेप्टर आला नाही तरी थोडंफार काम स्वतःच चालवतं असं दिसतंय. लाल मीडियात हे दोन भाग एकमेकांत मिसळून गेले होते. आता तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण यावर आहे.

वेळ मात्र गेला. सीएसआयआरची फेलोशिप दोन आणि तीन मिळून पाच वर्षांची असते, आणि त्यातला मोठा तुकडा या भानगडीत खर्ची पडला. आरएनए सिक्वेन्सिंग पुन्हा करावं लागलं. पैसे कमी होते म्हणून अत्यावश्यक तेवढेच नमुने पाठवले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी डोसचा आलेख. एस्ट्राडायोलचा एकच मोठा डोस आणि शून्य, एवढ्या दोन खांबांवर बहुतेकांचं काम चालतं. पहिल्याच आठवड्यात पिकोमोलरपासूनचे डोस लावले असते तर आलेखाची सपाट सुरुवात दिसली असती आणि शून्य हे शून्य नाही हे तिथेच कळलं असतं. खर्च एका जादा प्लेटचा.

पटींत बोलण्याची सवय हा दुसरा भाग. पट म्हणजे भागाकार, आणि भाजक लपला की काय बदललं ते कळत नाही. मॅडमच्या प्रयोगशाळेत आता प्रत्येक सादरीकरणात पटींच्या आलेखाशेजारी मूळ सीटीचा छोटा तक्ता लावतात. मला तो नियम पटतो. फक्त माझ्या मते तक्त्यात जुन्या, खात्रीच्या प्रयोगाची एक ओळही कायम असावी, नाहीतर आकडे पाहूनही तळ वर आलाय की नाही ते समजत नाही.

प्रयोगांच्या क्रमाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. फुल्वेस्ट्रंट, फॉस्फेट, डीएनएवरची जागा: हे तीनही चांगले प्रयोग आहेत आणि कुठल्याही शोधनिबंधात असतात. म्हणूनच ते आधी सुचले. पण दोन स्पष्टीकरणं कुठे वेगळी होतात हे आधी कागदावर मांडलं असतं तर अदलाबदलीचा प्रयोग पहिला आला असता, आणि सिक्वेन्सिंगचे नमुने त्यानंतरच गेले असते. मॅडमचं म्हणणं असं की अनुदानाचं वर्ष मार्चअखेरीस संपतं, पैसे तोवर खर्च केले नाहीत तर परत जातात, आणि नमुने तेव्हा पाठवणं भाग होतं. हा युक्तिवाद मला मान्य नाही, पण तो खोटाही नाही. आपल्याकडे बरेच प्रयोग प्रश्न पिकल्यावर नाही, मार्च आल्यावर होतात.

भिंतीवरचा कागद बदलला आहे. त्यावर आता मीडियाचा कॅटलॉग क्रमांक आहे, ट्रिप्सिन कुठलं ते आहे, पेशी धुण्याची पायरी आहे. तरीही कागदाने सगळं भागेल असं मला वाटत नाही. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या एस्ट्रोजेनविना ठेवलेल्या पेशी अचानक वाढू लागल्या तेव्हा दोष मीडियाचा किंवा सिरमचा नव्हता, प्लास्टिकच्या नळ्यांचा होता. उत्पादकाने प्लास्टिकचा घटक बदलला होता आणि त्यातून नोनिलफिनॉल पाझरत होतं. १९९१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्यांच्या कागदावर नळीचा क्रमांक असता तरी तो बदलला नसता. त्यांना वाचवलं ते इतकंच की शून्याच्या वेलकडे ते दर वेळी बघत होते.

एका प्रश्नावर मात्र आमचं अजून जुळलेलं नाही. लाल मीडियातल्या सिक्वेन्सिंगचा डेटा वाईट नाही. तो सौम्य एस्ट्रोजेन सतत मिळणाऱ्या पेशींचा डेटा आहे, एवढंच. माझं म्हणणं, तशी स्पष्ट नोंद करून तो सार्वजनिक कोशात ठेवावा. लाल मीडियात काम केलेले कितीतरी जुने निकाल ताडून पाहायला तो उपयोगी पडेल. मॅडम म्हणतात, नोंद कोणी वाचत नाही, लोक फाइल उतरवून घेतात आणि इथेनॉलच्या नमुन्याला शून्य धरून मोकळे होतात. विद्यार्थिनीने मधला मार्ग सुचवला आहे: नमुन्याच्या नावातच 'फिनॉल रेड' घालायचं, म्हणजे फाइल उतरवणाऱ्याला ते टाळताच येणार नाही. निबंध पाठवताना त्यावर निर्णय होईल.